उखाण्यापुरतं नाव

सास्तूर,
ता. ३ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का यांस, धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आधी तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. थंडी पडली की ते तुमच्या आधी जागे होतात हे मला ठाऊक आहे. चि. अंबादासचं पित्त कसं आहे? कचेरीत डबा वेळेवर खातो की अजून फायलींपुढं उपाशी बसतो? त्याच्या सौभाग्यवतींना कितवा लागला? त्यांना जड उचलू देऊ नका. नातीचा खोकला गेला असेल. इथं तुमचा भाचा भीमाशंकर आणि शारदा सूनबाई बरी आहेत. तुरी बऱ्या आहेत. म्हैस आटली आहे. मी ठणठणीत.

जिची चौकशी तुम्ही सगळ्यांत आधी केली असती, तिचं शेवटी लिहितो. दिवाळीच्या तोंडावर तुमच्या भावजयीच्या अंगावरून वारं गेलं, हे कळवलं होतंच. उजवा हात आणि पाय अजून लाकडासारखा आहे. तोंड थोडं सरळ झालं. सकाळी ऊन आलं की मी आणि शारदा मिळून तिला पाटावर बसवतो, तेल चोळतो, कढत पाण्यानं शेकतो. लुगडं शारदा नेसवते, वेणीफणी माझ्याकडं. अंबाडा रोज एका अंगाला कलतो. कुंकूही मीच लावतो, आणि ते वाकडं गेलं की ती डाव्या हातानं पुसून पुन्हा लावायची खूण करते. पारावर बंडप्पा मला म्हणाला की आता जत्रेत फण्या-आरशांचं दुकान मांडा, हात बसलाय तुमचा. मी म्हटलं, पहिलं गिऱ्हाईक तुझी बायको धाड, कितीतरी दिवसांत तिचे केस विंचरलेले दिसले नाहीत.

खरी बातमी पुढंच आहे. महिनाभर तिच्या तोंडून शब्द नव्हता. परवा मी गोठ्यात होतो, आणि घरातून कुणीतरी मला हाक मारली. अरे न्हाय, अहो न्हाय, नुसतं खणखणीत बब्रुवान! मला वाटलं, आपली आई स्वर्गातून आली की काय. धावत आत गेलो तर हीच. आक्का, एवढं जोडाक्षराचं नाव, चांगल्या माणसाची जीभ अडखळते, आणि हिच्या तोंडून सरळ आलं. एक्केचाळीस वर्षांत उखाण्याशिवाय तिनं ते कधी उच्चारलं नाही.

आता तिला दुसरा शब्दच येत नाही. पाणी पाहिजे, बब्रुवान. उशी पाहिजे, बब्रुवान. कावळा सांडग्यांवर बसला तरी बब्रुवान. शारदा पदरात तोंड खुपसून हसते. मी उमरग्याला गाडी जुंपून जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, येतंय ते येऊ द्या, अडवू नका. एक शब्द वाट पाडतो, मागून बाकीचे येतात. पण या चार-सहा महिन्यांत ती बोलली नाही तर जीभ हातासारखीच आखडून बसेल, मग आमच्या हातात काही नाही. म्हणून मी दिवसभर तिच्यापुढं असतो आणि हाकेला ओ देतो.

तुमच्या आशीर्वादाची फार गरज आहे, तो टपालानं धाडा.

तुमचा
बब्रुवान


धाराशिव,
ता. १० डिसेंबर १९५८

चि. बब्रुवान यास तारामतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझे गुडघे आहेत तसेच, त्यांची चौकशी करून ते बरे होत नाहीत. अंबादास डबा नेतो आणि संध्याकाळी अर्धा परत आणतो. सूनबाईंना सातवा आहे. नात बरी आहे आणि माझ्या काठीचा घोडा करते.

लक्ष्मीला वाचा आली हे ऐकून देवीपुढं साखर ठेवली. बाकीचं वाचून आधी हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. नवऱ्याचं नाव, तेही असं उठता-बसता! लोक काय म्हणतील ते जाऊ दे. पण काही रीती उगाच पडलेल्या नसतात. तू लहान असताना तुझ्या तापात मी रात्री काढल्या आहेत, म्हणून मला धीर नसतो.

पुढच्या मंगळवारी अंबादास मला मोटारीनं उमरग्यापर्यंत सोडील. तिथं गाडी पाठव. लसणीचं तेल मी करून आणते. दुकानातलं घेऊ नकोस, त्यात लसूण फक्त वासाला असते. लक्ष्मीला म्हणावं, नणंद येतेय, आता अंबाडा नीट बसेल.

तुझी
आक्का


सास्तूर,
ता. ३ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का यांस, बब्रुवानचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं अंबादासचं कार्ड मिळालं. तुम्ही होता ते आठ दिवस घर भरल्यासारखं होतं. तेल संपत आलं. त्यानं हाताला गुण आहे, उजव्या हाताची बोटं आता जरा हलतात, वाटी धरायचा प्रयत्न करते. वाटी पडते, पण प्रयत्न करते.

लिहायला कसंतरी होतं, पण तुम्ही गेल्यापासून ती मुकी झाली आहे. एक शब्द न्हाय. पाणी पाहिजे असलं तर बाजेवर बांगडी आपटते. मी समोर बसलो तर भिंतीकडं तोंड करते. आधी वाटलं, दुसरं वारं गेलं. डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी जीभ पाहिली, डोळे पाहिले, म्हणाले, दुखणं वाढलेलं नाही, उलट उतार आहे, मग हिनं बोलणं का सोडलं? ते मला विचारतात, मी कुणाला विचारू? शारदानं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. शेजारच्यांनी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं, ते मी होऊ दिलं नाही, पारव्याचा काय गुन्हा?

काल तिच्या ओठाला रक्त दिसलं. शब्द तोंडाशी येतो तेव्हा ती ओठ दातांखाली धरते, आक्का. म्हणजे तिला बोलता येतं. ती बोलत नाही. माझं काय चुकलं म्हणून असं करते हे कळत नाही.

ता. ५. पत्र इथवर लिहून ठेवलं होतं, टपालात टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज शारदाला समोर बसवून विचारलं. आधी रडली, मग बोलली. तुम्ही जायच्या आदल्या दुपारी मी रानात होतो, तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी बसून म्हणालात म्हणे, की बायकोनं एकदा नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तेवढं झिजतं, तू दिवसातून शंभरदा घेतेस, तुला कपाळावरचं कुंकू ठेवायचं आहे की नाही? शारदा म्हणते, सासूबाईंनी डाव्या हातानं कुंकवाला हात लावून पाहिला आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

मी लगेच तिच्यापाशी जाऊन म्हटलं, मला काही होत नाही, मी सांगतो, घे नाव. तिनं माझा हात धरून माझ्याच छातीवर ठेवला आणि मान हलवली. मागच्या महिन्यात मला चार दिवस खोकला होता ना, तो तिनं स्वतःच्या खात्यावर मांडला आहे.

आक्का, तुम्ही मला आईच्या जागी. पण राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या दाजींचं, मास्तरांचं नाव तुम्ही जन्मात एकदाही घेतलं नाही. तरी ते गेलेच ना?

चुकलं असलं तर कान धरा, पण काहीतरी कळवा.

बब्रुवान


धाराशिव,
ता. ९ जानेवारी १९५९

चि. बब्रुवान यास आशीर्वाद.

तुझं शेवटचं वाक्य वाचून पत्र पालथं घातलं आणि दिवसभर त्याला हात लावला नाही. अंबादासनं विचारलं, मामाकडं बरं आहे का. मी म्हटलं, आहे.

होय, मी बोलले. आणि लपवून बोलले नाही, पोटातून बोलले. आपण पाच भावंडं होतो, त्यांतला तू एकटा उरलास. माझं माहेर म्हणजे तू. मी आले त्या दिवशी तू खोकत दारात उभा होतास आणि आतून तुझ्या नावाचा गजर चालला होता, तेव्हा माझं काळीज कसं झालं असेल? डॉक्टर शिकलेले असतील. त्यांना माझा भाऊ म्हणजे एका रोगिणीचा नवरा एवढाच दिसतो.

पण तू लिहिलंस ते खरं आहे. बत्तीस वर्षांत मी यांचं नाव घेतलं नाही. यांनी मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली, तेव्हा स्वतःचं नाव लिहून दाखवलं आणि वाच म्हणाले, तरी मी वाचलं नाही. हसले आणि पुसून टाकलं. आता नाव घ्यायला कुणाची भीती नाही, तर ऐकायला ते नाहीत.

दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. आता मी पत्र लिहून लक्ष्मीला म्हटलं की माझं बोलणं खोटं होतं, तर ती ते खरं धरायची नाही. ती मला ओळखते. तिला वाटेल, नणंद तिची समजूत काढते आहे. शिवाय खोटं होतं असं मला अजूनही छातीठोक म्हणवत नाही. तेव्हा दुसरी वाट काढली.

उखाण्यातल्या नावाला दोष नसतो. हे तिलाही ठाऊक आहे, तिच्या आईनं सांगितलेलं असणार, माझ्या आईनं मला सांगितलं होतं. उलट हळदीकुंकवाला पाच सवाशिणींत घेतलेलं नाव आयुष्य वाढवतं. बुधवारी संक्रांत आहे. शारदाला म्हणावं, गल्लीतल्या बायका बोलाव, वाण लूट, आणि लक्ष्मीला मध्ये बसव. उखाणा शारदानं म्हणायचा, नावापाशी थांबायचं. नाव लक्ष्मीनं घालायचं. आणि तिला माझा म्हणून निरोप सांगायचा, की थोरल्या नणंदेनं उखाण्यातलं नाव कितीदाही घ्यायला सांगितलं आहे. मोजायचं नाही.

अशा समारंभाला मी येऊ शकत नाही, हे तुला सांगायला नको. म्हणून एक उखाणा जुळवून धाडते.

हुरड्याच्या दिवसांत हिरवं रान,
माझ्या कपाळीचं कुंकू ......

पुढं काय झालं ते कळेपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

आक्का


सास्तूर,
ता. २२ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप आक्का यांस, बब्रुवानचे पायांवर मस्तक.

तुमचं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी पोचलं. मी कडक लिहिलं होतं, तुम्ही मऊ हातानं परत केलंत.

बायका जमल्या तेव्हा पुरुषाचं तिथं काम नव्हतं. मी ओसरीवर सुतळी वळत बसलो, पण हातभरही धड वळली गेली नाही. शारदानं तिला नवं इरकली लुगडं नेसवलं होतं, हळद लावली, तुमचा निरोप मोठ्यानं सांगितला. मग उखाणा म्हणून कुंकवापाशी थांबली. आत चिडीचूप. बंडप्पाच्या बायकोनं घसा खाकरला. शारदानं पुन्हा म्हटला. पुन्हा चिडीचूप. मी सुतळी टाकून उठलो, मनात म्हटलं, नको, तिचे हाल करू नका, जाऊ द्या सगळ्याजणी घरी.

तेवढ्यात आवाज आला. पडका, घोगरा, पण पुरं नाव. बायकांनी एकच गलका केला. शारदा सांगते, नाव घेतलं आणि सासूबाई लगेच दाराकडं बघत राहिल्या, मी जिवंत आहे की न्हाय ते. म्हणून शारदानं मला दारात येऊन उभं राहायला लावलं. सगळ्यांच्या देखत मी नवरदेवासारखा उभा. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि मग रडली.

तेव्हापासून घरात उखाण्याशिवाय पान हलत नाही. नुसतं नाव ती अजून घेत नाही, आधी उखाणा पाहिजे. शारदाचे संपले, म्हणून मी करायला बसलो.

कोपऱ्यात घागर, लागली तहान,
पाणी घेऊन येतील ......

एवढं म्हटलं की ती माझं नाव घालते आणि मी पाणी देतो. औषधाला एक केला.

कडू कडू काढा, तोंड झालं घाण,
पहिला घोट घेतील ......

हा करून मी फसलो. आता रोज आधी मला प्यावा लागतो, त्याशिवाय ती तोंड उघडत नाही. भीमाशंकर म्हणतो, दादा, तुमचं नाव दगडोबा असतं तर आईला उपाशी राहावं लागलं असतं, यमकच मिळालं नसतं.

हसतो आक्का, पण धास्ती जात नाही. नावापलीकडं गाडी जात नाही. डॉक्टर म्हणाले, म्हणत राहा. पाऊल अजून टेकवत नाही, परवा उभी करताना आम्ही दोघंही खाली बसलो. माझे हात आता पूर्वीचे नाहीत. मी आधी गेलो तर हिच्या हाकेला ओ कोण देईल, हे मनात येतं आणि जात नाही. हे शारदाला बोलत नाही, तुम्हालाच लिहितो.

तुमचाच
बब्रुवान


सास्तूर,
ता. २६ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप गं. भा. आक्का यांस, शि. सा. नमस्कार. वि. वि.

नातू झाल्याचं कार्ड पोचलं. बाळ-बाळंतीण खुशाल असतील. अंबादासचं पित्त आता आनंदानं तरी उतरेल. तुम्ही रात्री जागू नका, गुडघ्यांना शेक घ्या. भीमाशंकर ज्वारीच्या काढणीला लागला आहे. शारदा बरी आहे.

काल दुपारी मी तिच्याजवळ बसून तुरी निवडत होतो. तिला तहान लागली असं वाटलं, म्हणून घागरीचा उखाणा सुरू केला. लागली तहानपर्यंत मी म्हटलं. पुढं ती म्हणाली, पाणी. मी थांबलो. पुन्हा म्हणाली, पाणी. तांब्या देताना माझ्या हातून निम्मा तिच्या अंगावर सांडला. तेव्हा कपाळाला आठ्या घालून, अगदी पूर्वीसारख्या, तिनं मला म्हटलं, अहो.

आज सकाळपासून सात-आठ शब्द आले. शारदा, चूल, मांजर, नको. नको सगळ्यांत जास्त. पाय तसाच आहे, हात अर्धामुर्धा. पण डॉक्टर म्हणाले, वाट पडली.

आनंदाचंच लिहितो आहे. फक्त एक झालं. सकाळी मी मुद्दाम हुरड्याचा उखाणा म्हटला, रान म्हणून थांबलो. तिनं डोळे मोठे केले, लाजली, पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. आता तिच्याकडं दुसरे शब्द आहेत, तिला त्याची गरज उरली नाही. काल कालवड सुटली तेव्हाही अहो. उशी पाहिजे तेव्हाही अहो. बरी होते आहे, हेच तर मागितलं होतं देवीपाशी. तरी संध्याकाळी गोठ्यात उभा होतो तेव्हा कान आपोआप घराकडं लागले. तीन महिन्यांत सवय झाली होती.

आता या घरात मी कुणाचा दादा, कुणाचा मामंजी, कुणाचा अहो. नावानं हाक मारणाऱ्या तुम्ही एकट्या उरलात. तेव्हा नातवाला मांडीवरून खाली ठेवून दोन ओळी लवकर लिहा.

तुमचा
बब्रुवान