आईची कोरांटी आणि माझं ठिबक

पिंप्राळा, जळगाव
चैत्र, भर दुपार

तीर्थस्वरूप तानुअक्का,

धाकट्या तोतारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे ठीक, तुझ्या भावजयीचे, लताबाईचे कुरकुरतात (ती स्वतःही कुरकुरते, पण त्याला वेगळं पत्र लागेल). फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला खरं सांगवत नाही.

तर बाग. केळीचं शेत पोराच्या, जितेंद्रच्या हवाली करून मी मागच्या वर्षी इथं राहायला आलो, तेव्हा अंगणात सावली काय ती माझ्या टोपीची. म्हटलं, उन्हाला न भिणारी, एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलणारी झाडं लावू, पाण्याची कटकट नको. सदाफुली, बोगनवेल, आणि तू साक्रीला सासरी जगवून आषाढात आणून दिलीस ती आईच्या अंगणातली पिवळी कोरांटी. ओट्यावर खुर्ची टाकून डोळे मिटले की ती मला पार नशिराबादपर्यंत फुललेली दिसायची. आई पदरात फुलं वेचत पुढे चाललेली, मी मागून हाका मारतोय, आणि दोघांनाही कसली घाई नाही. असा तास-तास जायचा बघ.

पण अक्का, चाळीस वर्षं केळी केली गं मी. केळीवाल्याला प्रत्येक झाड तहानलेलंच वाटतं. निघताना तू बजावलं होतंस, “तिले इसरी जाय, मंग ती जगी.” विसरणं जमलं असतं तर काय हवं होतं! पावसानं दोन दिवस उघडीप दिली की मी कासावीस. शेवटी शेतातली जुनी ठिबकची नळी आणून एकेका झाडाच्या बुडाशी सोडली (लताबाईला सांगितलं, कपडे वाळत घालायची दोरी आहे). पानं पिवळी पडली, म्हणून पाणी वाढवलं. सदाफुली बुडातून सडली. बोगनवेल नुसत्या पानांनी माजली, फूल एक नाही. आणि गणपतीत कोरांटीनं मान टाकली. लताबाईनं ती उपटून कुंपणाबाहेर फेकली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आई गेल्यापासून तू आखाजीच्या सणाला माहेरी आली नाहीस. कोरांटी जगली तर माहेर आहे असं समजून यंदा येईन, म्हणाली होतीस. म्हणून सहा-सात महिने फोनवर ‘मजेत आहे’ म्हणत राहिलो. खोटं बोललो, अक्का. फार वाईट वाटतं.

बाकी सगळे खुशाल. उन्हाचं बाहेर पडू नकोस.

तुझा
तोताराम

ता. क. पत्र लिहून झाल्यावर स्कूटर काढायला गेलो, तर कुंपणाबाहेर विटांच्या ढिगात, जिथं माझी नळी पोचत नाही, तिथं त्याच फेकलेल्या काडीला हिरवी पानं! काटेसुद्धा टोचून पाहिले, कोरांटीच आहे. तेव्हा आखाजीला ये, आणि पाऊस पडेपर्यंत राहा. शेजारच्या निंबाला झोका बांधतो, गुडघ्यांचं पाहू. मला पाण्यापासून धरून ठेवायला कुणीतरी हवं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवेपर्यंत तिला एक तांब्या घातला गेला. आखाजीची वाट बघू नकोस, आधीच निघ.