चुन्याच्या रेघेबाहेरचा धूर

प्रिय स्वप्नाली,

तुझा फोन काढून घेतला, पण मला रोज तुला काहीतरी सांगायची सवय काही मोडत नाही. म्हणून चुडा भरायला येणाऱ्या चतुराबाईंच्या हाती हे पत्र देतेय. वाचून झालं की चुलीत घाल.

आपण पोरींनी भांडून करून घेतलेला नियम अजून पाळतात, म्हणजे उमापूरच्या पद्धतीनं. कबड्डीच्या मैदानात बिडी-सिगारेट बंद, पण चुन्याची रेघ ओलांडली की मोकळं रान! मोठी माणसं रेघेबाहेर झुरके मारतात आणि दम वाढवा म्हणून आपल्यावरच ओरडतात. लहान गटातल्या पोरांना वाटतं, सिगारेट ओढली की मिशी लवकर फुटते. मी म्हटलं, सत्यभामा आजी जन्मभर बिडी ओढतेय, तिला कुठं फुटली? हसले मेले. तू असतीस तर तूही खूप हसली असतीस.

नियमाची पाटी स्वतः ठोकणारे मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे तुझे कारभारीकाका, आपल्या कपडे बदलायच्या शेडमागे लपून ओढायचे. पत्र्याच्या फटीतून धूर आत यायचा आणि खुंटीवरच्या ओढण्यांत बसायचा. तुझ्या आईला तुझ्या ओढणीला तो वास आला आणि तुझा खेळ तिथंच संपला. पोरगी कुणा सिगारेट ओढणाऱ्या पोराबरोबर फिरते, असं सगळ्यांनी धरून घेतलं. लग्न लावायला अठरा पूर्ण व्हायची तेवढी वाट बघितली. काका समोरच बसले होते, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. माझा जीव अजून जळतो गं.

तू निरोप धाडला होतास की काका एक ना एक दिवस खरं बोलतील, मग आप्पा लग्न मोडून तुला परत खेळायला सोडतील. काका काही बोलेनात, म्हणून काल आम्ही सगळ्या जणी शेतात तुझ्या आप्पांकडे गेलो. मीच सगळं सांगितलं. त्यांनी खाली बघत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला ठावं हाय, पोरी. कारभारीनं त्याच दिवशी सांगितलं व्हतं. पण पाव्हणे आदीच ठरले व्हते, अन् ही खेळ सोडंना. आता कावून उकरता?”

आम्ही तशाच परत आलो.

परवा तुझं लग्न. काका आता उठतील, आप्पांच्या कानाला लागतील, अशा आशेनं तू अक्षता पडेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहशील, हे मला माहीत आहे. ते माझ्यानं बघवणार नाही, म्हणून लिहिलं. वाट बघू नकोस, स्वप्नाली. आप्पांना सगळं ठाऊक आहे.

तुझीच,
संस्कृती