दुपारी पेटवलेली जाळरेषा

धावड्याच्या वरचा डोंगर,
दि. ३ मार्च २०२४

ती. सत्यशीलाताईस,
प्रितमचा सविनय जयभीम वि. वि.

फोन लागत न्हाई म्हणून रागावू नको. इथं रेंज एकाच खडकावर येती आणि तिथं आमची अख्खी टोळी कान देऊन उभी असती. राशनचा टेम्पो दर आठवड्याला जालन्याला जातो, त्याच्या ड्रायव्हरजवळ पत्र देऊन राह्यलो.

काम कसलं ते विचारलं होतंस. वणवा डोंगरभर पसरू नये म्हणून गवताचा रुंद पट्टा कापून मोकळा करायचा, त्याला जाळरेषा म्हणतात. विळ्यानं कापायचं, दाताळ्यानं मधी ओढायचं, मंग सकाळच्या पारी वारा पडलेला असताना ते पेटवायचं आणि दोन्ही अंगाला हिरव्या फांद्या घेऊन उभं राह्यचं. ठिणगी उडाली की झोडपायची. झुडपं तोडून तळहाताची सालटं निघाली. परवा गवतात घोणस निघाली. मुकादम सर्जेरावनं विळ्यानं तिचे चार तुकडे केले, आणि एक गडी मागं सरला म्हणून त्याच विळ्याची मूठ त्याच्या पाठीत घातली. लई तापट माणूस.

दोस्त एकच झाला, आदिनाथ. इथला धावड्याचाच, कारभारी म्हणून शेतकरी हायेत त्यांचा एकुलता. मी घोरतो म्हणून रोज शिव्या देतो आणि घरून आलेली भाकर अर्धी मलाच देतो. पिंपळगावला आईला सांग की पोरगं बराबर आहे. पावसाच्या तोंडावर येतो.

तुझा,
प्रितम

---

जालना,
दि. ८ मार्च

चि. प्रितम यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. जयभीम.

पत्र मिळालं. लहानपणी चुलीतली लाकडं पुढं सारायला भ्यायचास, आणि आता वणव्याच्या कामावर. पिंपळगावला जाऊन आईला सांगितलं, ती ऐकून पोट धरून हसली, मग पदर डोळ्याला लावला.

इकडे दवाखान्यात माझ्या वॉर्डात उन्हाळ्याची गर्दी सुरू झाली आहे. तू धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का ते कळव. टेम्पोवाल्याजवळ मलम आणि दोन जोड हातमोजे देते आहे, एक जोड तुझ्या आदिनाथला. मुकादमाच्या पुढं पुढं करू नकोस आणि त्याच्या वाटेलाही जाऊ नकोस. जो माणूस कारण नसताना मारतो, तो कारण असलं तर काय करेल.

जपून राहा, वेळेवर खा, आणि चार ओळी का होईना लिहीत जा.

तुझी,
ताई

---

डोंगर,
दि. १४ मार्च

ती. ताईस,
सविनय जयभीम.

टेम्पो खाली उभा आहे, जल्दी लिहितो. आदिनाथ भाजला. काल त्याला तुझ्याच दवाखान्यात नेलं आहे. त्याच्याकडं बघ.

दुपारी तीनच्या सुमाराला खालच्या घळीतून आग उठली. वारा चढता, गवत कमरेएवढं. माणूस पळतो त्याच्याहून जल्दी ती वर आली. आदिनाथ खालच्या टोकाला दाताळं आणायला गेल्ता. आम्ही त्याला ओढून काढला तवा पाठीवरचा सदरा कुठं संपतो आणि कातडं कुठं सुरू होतं ते समजत न्हव्तं. तो ओरडत न्हव्ता. नुसते दात वाजत होते.

आग लावणारा सापडला. कडूबा नावाचा, धावड्याचाच, शेरडं राखतो, साठीचा असंल. घळीच्या तोंडाशी मिळाला. नवं गवत फुटावं म्हणून हे लोक डोंगर पेटवतात, असं सर्जेराव पहिल्या दिवसापासून सांगायचा. झडती घेतली तर खिशात काडेपेटी. सर्जेराव म्हणाला की आणखी काय पुरावा पाहिजे. मंग कुणी थांबलं न्हाई. पळसाला बांधून दाताळ्याच्या दांड्यांनी हाणलं, लाथांनी हाणलं. मीबी हाणलं. एक दांडा मोडला तर दुसरा घेतला. आमच्यातल्या दैवशालाबाई मधी पडल्या, त्यांच्याबी खांद्यावर बसली. म्हातारा पहिल्यांदा शेरडांची नावं घेत होता, नंतर गप झाला. मला त्याचं बिलकुल वाईट वाटून राह्यलं न्हाई.

आदिनाथला सांग की तुझा बदला घेतला.

प्रितम

---

जालना,
दि. १८ मार्च

चि. प्रितम यास,
आशीर्वाद.

आदिनाथ शनिवारी पहाटे गेला. तुझा निरोप मी त्याला सांगितला नाही. त्याच्या वडिलांना, कारभारींना, चौघांनी धरून बाहेर नेलं.

पोलिसांनी आणलेले कडूबा माझ्याच वॉर्डात आहेत, खिडकीपासून तिसरी खाट. डावा कोपर मोडला आहे, तीन बरगड्या गेल्या आहेत. डावा डोळा वाचला नाही, शुक्रवारी काढावा लागला. त्यांचं ड्रेसिंग मी करते. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना ठाऊक नाही. खाटेशी एक हवालदार बसवला आहे, कारण आदिनाथच्या मरणाचा गुन्हा आता त्यांच्यावर आहे. धावड्यात त्यांची झोपडी लोकांनी पेटवून दिली. बायको साळूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात राहतात. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत.

ते रोज एकच सांगतात. काडेपेटी बिडीसाठी होती. धूर दिसला म्हणून ते शेरडं काढायला घळीकडे पळाले. अकरा शेरडं होती, चार सापडली. मी वीस वर्षं माणसं बघते आहे, प्रितम. हा माणूस खोटं बोलत असेल तर मला माणसं कळतच नाहीत.

मला एवढंच लिही. त्यांना आग लावताना तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का?

ताई

---

डोंगर,
दि. २२ मार्च

ती. ताईस,
जयभीम.

न्हाई पाहिलं.

त्या दिवशी सांजंला सर्जेरावला लग्नाला जायचं होतं. दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वाट न बघता त्यानं भरदुपारी बाराला रेषा पेटवायला लावली. खालच्या टोकाला मी एकटा होतो. एक ठिणगी घळीत उडाली. मी ती बघितली. उतरून झोडपली, वर माती लोटली, धूर थांबला. मुकादमाला बोलावलं असतं तर सगळ्यांदेखत आईवरून शिव्या खाव्या लागल्या असत्या. म्हणून गप बसलो, वर येऊन जेवलो. तीन वाजता आग तिथूनच उठली.

आदिनाथ जे दाताळं आणायला गेल्ता ते माझं होतं. मी खाली विसरलो होतो.

कडूबाला सगळ्यात जास्त मीच हाणलं. का, ते आता कळून राह्यलं. तो मेला असता तर आग कुठून आली हे विचारायला कुणी उरलं नसतं. डोळ्यावरचा घाव माझाच आहे. दांड्याच्या टोकाला खिळा होता, मला ठाऊक होता.

सर्जेरावला बोललो तर तो म्हणाला की तोंड उघडलंस तर तुलाबी त्याच पळसाला बांधीन. जेवण जात न्हाई. काय करू ते तूच लिही.

प्रितम

---

जालना,
दि. २६ मार्च

चि. प्रितम यास,
ताईकडून.

तुझं पत्र मी ड्रेसिंगच्या खोलीत वाचलं. मग जाऊन साळूबाईंना खरं सांगितलं, तू माझा कोण ते आणि तू काय केलंस ते. त्यांनी हातातला स्टीलचा तांब्या माझ्या कपाळावर मारला. तीन टाके पडले. मी तक्रार केली नाही. संध्याकाळी त्यांनीच विचारलं की ड्रेसिंगला तूच येणार का दुसरी कुणी. मीच गेले.

तू माफी मागावीस असं कडूबा म्हणत नाहीत, त्यांना ती नकोच आहे. रविवारी त्यांना दवाखान्यातून सोडणार आहेत, जामीन झाला आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की धावड्याच्या पारावर, सगळ्या गावासमोर, आग कुठून लागली ते तू सांगायचंस. तिथे आदिनाथचे वडीलही असतील, असं मी म्हणाले. ते म्हणाले की असतीलच.

जा असं मी लिहीत नाही. पण तू पळून गेलास, तर तुझं बावीस तारखेचं पत्र मी स्वतः पोलिसांत देईन. ते माझ्या पर्समध्ये आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

भाकर गोड लागत नसली तरी खा.

ताई

---

भोकरदन,
दि. ३ एप्रिल

ती. सत्यशीलाताईस,
सविनय जयभीम वि. वि.

अक्षर दैवशालाबाईंचं आहे. मी सांगतो तसं त्या लिहून राह्यल्या. माझा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. इथं दवाखान्यात पोलीस पहाऱ्याला आहे, तू घाईनं निघू नको.

रविवारी मी डोंगर उतरून गेलो. दैवशालाबाई सोबत आल्या, बाकी कुणी न्हाई. पारावर शे-दीडशे माणूस होतं. कडूबा साळूबाईंच्या खांद्याला धरून बसले होते, डोळ्याला पट्टी. मी उभं राहून सगळं सांगितलं. दुपारी पेटवलेली रेषा, ठिणगी, दाताळं, काडेपेटी, खिळा. माझा आवाज मलाच ऐकू येत न्हव्ता, म्हणून एकानं परत सांगायला लावलं. परत सांगितलं.

मंग कारभारी पुढं आले. त्यांनी एवढंच विचारलं की माझ्या आदिनाथनं आगीत कुणाला हाक मारली का. तुला मी लिहिलं होतं की आम्ही त्याला ओढून काढलं. ते खोटं होतं, ताई. तो माझं नाव घेऊन दोनदा ओरडला आणि मी खडकावरून हाललो न्हाई. दैवशालाबाई आणि दुसरा एक गडी आत गेल्ते. हे मी कारभारींना सांगितलं.

त्यांनी कुऱ्हाड उलटी धरली. पहिला घाव मी हातावर घेतला, दुसरा पण. तिसऱ्याला खाली पडलो. कुणी मधी आलं न्हाई, आणि मीबी कुणाला बोलावलं न्हाई. लोक नुसते बघून राह्यले होते, जसे आम्ही पळसाभोवती होतो. डोक्याकडं कुऱ्हाड आली तवा कडूबा पारावरून चाचपडत उतरले आणि आडवे झाले. ते कारभारींना म्हणाले की हा मेला तर कोर्टात माझ्यासाठी कोण बोलणार. माझ्याकडं त्यांनी बघितलंबी न्हाई.

कारभारी मातीत बसले. कुऱ्हाड साळूबाईंनी उचलून बाजूला नेली.

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. सही करता आली न्हाई म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला. सर्जेराव पळून गेल्ता, तो वाटूरला बहिणीच्या घरी सापडला. कडूबावरचा गुन्हा काढणार असं साहेब म्हणाले. कारभारींवर तक्रार द्यायची का विचारलं, मी न्हाई म्हणालो. मला जेल होईल, किती ते ठाऊक न्हाई. पेशीच्या दिवशी कडूबा येणार हायेत. मी शब्द फिरवतो का, हे त्यांना स्वतः बसून ऐकायचं आहे.

आईला तूच सांग, आणि सगळं सांग. कपाळाचे टाके काढले का ते कळव. लोभ असू द्यावा असं लिहायला मला तोंड राह्यलं न्हाई. पत्र तेवढं धाडत जा, शिव्यांचं असलं तरी चालंल.

तुझा,
प्रितम