दोन सुरांचा ठोका

२ डिसेंबर १९३४, चौल

भाऊच्या धक्क्यावरून बोट वेळेवर सुटली. रेवसला उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पुढे बैलगाडीने चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटांतून खेळणारं पाणी. गिरगावातल्या बोलपटाच्या थिएटरात, यंत्राच्या कोंदट खोलीत तीन वर्षं काढलेल्या माणसाला ही हवा म्हणजे औषधच.

मला नोकरीला बोलावणारे रावसाहेब दिघे फाटकाशीच उभे होते. साठीपुढचे, ताठ, कानांनी ठार बहिरे. तापात कान गेले त्याला वीस वर्षं झाली म्हणे. माझं बोलणं पाटीवर लिहून दाखवायचं, त्यांचं मात्र गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. पहिलंच वाक्य : "मास्तर, मासळी खाता ना? नाहीतर इथं उपाशी मराल!" मी हसून मान डोलावली. स्वयंपाकाला भागुबाई आहेत. रात्री सुरमईचं कालवण होतं. झोप गाढ लागेल.

५ डिसेंबर

ज्याच्यासाठी मला बोलावलं तो आवाजाचा कर्णा आज पाहिला. थिएटरातले कर्णे मी खूप हाताळलेत, पण हा कर्णा घरात बसवलेला नाही, घरच कर्ण्याभोवती बांधलंय. मागच्या खोलीत मनगटाएवढा सुरू होतो, विटा-सिमेंटचा, घराच्या पोटातून रुंदावत येतो आणि पश्चिमेच्या ओटीवर समुद्राकडे तोंड करून उघडतो. त्या तोंडात मी हात वर करून उभा राहिलो, तरी वर जागा उरली. विजेसाठी परसात ऑइल इंजिन आहे. माझं काम इंजिन चालवणं आणि सूर काढणारी यंत्रं जुळवणं.

सकाळी तासभर चालवला. खर्जाचा एक सूर. रावसाहेब कर्ण्यापुढे खुर्ची टाकून उघड्या अंगाने बसले, तळवे छातीवर. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कानांनी नाही, बरगड्यांनी ऐकू येतं, असं ते म्हणाले. वीस वर्षांनी ऐकू आलं. मला भरून आलं. पगारापेक्षा मोठं काहीतरी आपल्या हातून होतंय असं वाटलं.

११ डिसेंबर

त्यांना रोज आणखी खालचा सूर हवा असतो. आता सूर म्हणून कानाला काहीच लागत नाही. पण मांडणीवरची भांडी किणकिणतात, तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात. समोरचा माड दोन-दोन दिसतो. आणि कारण नसताना भीती वाटते, पाठीमागे कुणी श्वास धरून उभं असावं तशी. मी तीनदा वळून पाहिलं.

भागुबाई आज पडवीत ओकल्या. वाडीच्या कडेला हिरामण कोळ्याचं घर आहे. त्याची बायको केसर पोटुशी, दिवस भरत आलेत. कर्णा सुरू झाला की पोटातलं पोर दगडासारखं गप होतं, असं तिने भागुबाईंना सांगितलं. मी ते पाटीवर लिहिलं. रावसाहेबांनी वाचलं आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं.

१९ डिसेंबर

दोन सूर एकमेकांच्या अगदी जवळ आणले की ते मधूनमधून एकत्र होतात, मधूनमधून एकमेकांना मारतात. त्यातून ठोका पडतो. धुम्म... धुम्म... यंत्राची चावी फिरवून तो जलद किंवा संथ करता येतो. रावसाहेबांनी तो आपल्या नाडीएवढा करायला लावला. मग मला जवळ ओढून म्हणाले, "मास्तर, आता बंद करू नका. बंद केलंत की मी पुन्हा विहिरीत पडतो."

त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. कर्णा आता रात्रंदिवस चालतो.

२७ डिसेंबर

भागुबाई काम सोडून गेल्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुमीबी चला, हितं मानसाचं न्हाय ऱ्हायलं काय. मी थांबलो.

आज सहज मनगट धरलं. माझी नाडी कर्ण्याच्या ठोक्यात पडते. योगायोग असेल म्हणून चावी थोडी मागे फिरवली. नाडी मंदावली. पुढे फिरवली, वाढली. ओटीवर जाऊन रावसाहेबांचं मनगट धरलं. तेच.

ते हसले. त्यांना माहीत होतं.

३ जानेवारी १९३५

कसंबसं लिहितोय. सकाळी तेलात कचरा येऊन इंजिन बंद पडलं. ठोका थांबला आणि माझ्या छातीतलं सगळं थांबलं — दुखलं नाही, नुसतं थांबलं. परसापर्यंत रांगत गेलो. नळी फुंकली, चाक कसं फिरवलं आठवत नाही. पहिला धुम्म आला आणि हृदयाने तो उचलला.

रावसाहेबांच्या हृदयाने नाही उचलला. खुर्चीतच होते. तळवे छातीवर.

४ जानेवारी

अलिबागहून डॉक्टर येऊन गेले. म्हाताऱ्याचं हृदय, म्हणाले. माझीही नाडी बघा असं मी त्यांना सांगितलं. उत्तम आहे म्हणाले, घड्याळासारखी.

खांदा द्यायला निघालो. गड्यांनी तिरडी उचलली. वाडीचं टोक आलं, तिथे ठोका विरळ होतो — डोळ्यांपुढे काळोख — मागे फिरलो. लोकांनी पाहिलं. भित्रा म्हणाले असतील.

५ जानेवारी

आवाज हळूहळू कमी करून सवय मोडायची. आवाजाची चावी केसभर उतरवली. ओठ निळे. पुन्हा पूर्वपदावर.

थोडं उतरवलं. पुन्हा तेच.

इथून बाहेर पडता येत नाही. तेल आहे तोवर —

७ जानेवारी, सकाळ

हिरामण आला. कालपासून केसर अडली आहे. कळ येते आणि थरथरीबरोबर विरते, पोर खाली सरकत नाही. सोनाबाई सुईण म्हणते, हा धडधडाट थांबल्याशिवाय सुटका नाही. अशा अवस्थेत तिला बैलगाडीत घालून दूर न्यायचीही सोय उरली नाही.

हातात कोयता होता, पण उगारला नाही. नुसता उभा राहिला. "मास्तर, त्यो कर्ना बंद करा. दोगंबी जातील माजी. पाया परतो."

मी त्याला सगळं सांगायला तोंड उघडलं. त्याने काय समजायचं? रावसाहेबांनी पाटी पुसली तशी मलाही पुसता येईल. नको म्हटलं की झालं. दार लावलं की झालं.

घरी जा म्हटलं. बंद करतो म्हटलं.

गेला. पळत गेला.

वही इंजिनाशेजारी घेऊन बसलोय. भीती वाटते. फार वाटते. आई —

इंजिनाच्या तेलाची तोटी बंद केली.

चाक अजून फिरतंय. हळू — धुम्म — आणखी हळू —

थांबलं.

लाटा ऐकू येताहेत. किती दिवसांनी. कावळा ओरडतोय कुठेतरी.

छाती रिकामी. बोटांत पेन आहे हे दिसतंय, कळत नाही.

हिरामणच्या घराकडून कुणीतरी — ओरडलं — बाई — पुन्हा — आता बारीक, अगदी बारीक —

पोर रड