तिसरीला वाटलं, ठरलंय

ती. आईस,
पाया पडते, आणि तुझे गुडघे कसे आहेत ते आधी विचारते.

नोकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस. शर्ट तपासताना काय, बटणं लावताना काय, आठ तास उभंच राहायचं, हा इथला नियम तुला माहीत आहे. मंगळवारी बटणं लावणाऱ्या मावशी रिकामा क्रेट उलटा करून चक्क बसल्या. सुपरवायझर ओरडला, "हे काय घर आहे?" मावशी म्हणाल्या, "घरी कुठं बसायला मिळतं?" सगळ्या हसल्या. तेवढ्यात मीही दुसऱ्या क्रेटवर टेकले. मग घड्या घालणारी बसली, आणि बघता बघता आम्ही अकराही जणी. सुपरवायझर एकटाच उभा! त्याने नावं लिहून घेतली, पण अकराही जणींची, तेव्हा करणार काय?

गुरुवारी स्टुलं आली. आता सगळ्या मला आणि मावशींना पुढारी म्हणतात. मीही डायरीत 'धीर केला' असं लिहिलं आणि मग खोडलं. खरं तर माझी टाच ठणकत होती (फार नाही गं). मावशींना विचारलं, तर त्यांना घेरी आली होती. घडीवाली म्हणाली, "मला वाटलं, तुम्हा दोघींचं ठरलंय, म्हणून बसले." म्हणजे ठरवलं कोणीच नव्हतं!

तू अजून सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ओट्याशी उभीच असतेस ना? उद्या सगळ्यांबरोबर ताट घेऊन बस. तू बसलीस की वहिनीही बसेल. दादाने विचारलं तर सांग, आमचं ठरलंय.

स्टुलावर बसून लिहिणारी,
तुझी धाकटी