कौसाच्या ताटातली भाकर

१२ फेब्रुवारी ७३, सोमवार. जालना.
पट्टी सोडली. जाड भिंगाचा चष्मा चढवला. डॉक्टरनं बोटं दाखवली, "किती?" म्हणलो, "बोटं ऱ्हाऊ द्या साहेब, तुमच्या शर्टाचं बटन येगळ्या दोऱ्यानं लावलंय." हसले. शिंप्याचा डोळा!
शाळेच्या वर्गात आम्ही मोतीबिंदूवाले सतरंजीवर ओळीनं. एकजण नुसता आपला हात उलटापालटा करून पाहून राह्यला. मी पण पाह्यला. केवढी कृपा. सध्या एकच डोळा, दुसरा पुढच्या साली.
लई दिसांनी सोताच्या हातानं लिहून राह्यलो. ओळ वर चढते. चढू दे.

१३, मंगळवार. राजूर.
गौतम गुरुजी न्यायला आल्ते. गावच्या शाळेत शिकवतात, बौद्धवाड्यात राहतात. शिबिरात माझं नाव त्यांनीच घातलं, आणून सोडलं बी त्यांनीच. एसटीत मी सारखा बडबडत. लिंब, गाढव, गोवऱ्या थापणारी बाई, गणपतीचं शिखर. म्हणलो, "गुरुजी, देवाची कृपा."
"मी देव मानत न्हाई, मामा. कृपा कुणाची ते घरी गेल्यावर पाहा."
"म्हंजे?"
गुरुजी खिडकीबाहेर पाहत बसले.
घरी आलो. दारात एक म्हातारी उभी. हाडं न् कातडं. मी इचारलं, "बाई, कौसा कुठं गेली?"
"अवं, मीच की."
हसली. मला हसू आलं न्हाई. माझी बायको. आवाज तोच, रोजचा. त्या आवाजामागं मी तीच जुनी, भरल्या अंगाची कौसा धरून बसल्तो. लुगड्याला ठिगळावर ठिगळ, तांबड्याला पांढरा दोरा. शिंप्याच्या घरात.

१४, बुध.
कौसा सकाळीच दुष्काळी कामावर गेली, सडकेच्या. मला सांगितलेलं, तिथं मजुरांना पाणी वाटते, हलकं काम हाये. काल हात पाह्यले. नखं काळी, एक बोट वाकडं. इचारलं तं म्हणे घागर पडली. घागर दोन्ही हातांवर पडती का?
काठी घेऊन गेलो. बाभळीच्या आडून पाह्यलं. उन्हात बसून खडी फोडून राह्यलती. हातोडा उचलताना खांदा थरथरतो.
हाक मारली न्हाई. तसाच परत.

१५
काही सुचत न्हाई.

१६, शुक्र.
रोज मला वाढते, मंग चुलीपाशी बसून मागून खाते. आज मी पाणी घ्यायला आत गेलो. तिला वाटलं आडवा झालो.
तिच्या ताटात तांबडी भाकर. इटकरीवानी. फुटलेली, कडेनं भुगा. मिलो. रेशनवर मिळती ती परदेशी तांबडी ज्वारी. वर मीठ न् तिखट, बस.
मला आत्ताच वाढलेली पांढरीशुभ्र ज्वारीची. रोज तीच.
अन् मी! साऱ्या दुष्काळात गणपतीच्या पायरीवर बसून लोकांना सांगत होतो, आमच्या घरी ज्वारी सरली न्हाई, देवाची कृपा. ती शेजारी असली की म्हणायची, "व्हय."
इचारलं, "हे कवापासून?"
"ज्वारी थोडी होती."
"मंग मला का न्हाई दिली मिलो?"
"तुमचं पोट नाजूक." ताट पदराखाली घेतलं. मंग एकदम चिडली, "दिसाया लागलं म्हून काय सगळंच पाहावं का माणसानं?"

१७, शनि.
तिच्या आधी उठून दुरडीतली मिलोची भाकर खाल्ली. कडू. घशाला चिकटते. पाण्यानं ढकलली. तिनं पाह्यलं. वाटलं, बरं वाटंल तिला. रडाया लागली. "मी येवढं केलं ते मातीत घातलं तुमी."
मी काय चुकलो? का चुकलोच?
गुरुजी आल्ते. म्हणलं, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणले, "साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, मामा. मामींनी शपथ घातल्ती."
म्हंजे मी कृपा कृपा म्हणायचो तवा सगळे ऐकून गप बसायचे. मला देव खोटा वाटून न्हाई राह्यला. उलट लई जवळ आला असं वाटतं. भ्या वाटतं. त्यो हितं घरात खोकतो, चूल फुंकतो, अन् मी त्याला शिखरावर पाहत होतो.

१८, रवि.
म्हणलं, दोन्ही पिठं मिसळ, दोघं सारखं खाऊ. "बिलकुल न्हाई." आज पुन्हा ज्वारीचीच वाढली, माझ्यापुढं.
जेवणाआधी डोळे मिटून हात जोडायची आपली रीत. हात जोडले. डोळे मिटंनात.
"खावा ना. गार होऊन राह्यली."
अर्धी मोडली. तिच्या ताटात ठेवली. ती भाकरीकडं पाहत राह्यली, मंग माझ्याकडं, भिंगांकडं. तोंड कसनुसं झालं तिचं.
मी चष्मा काढून खाली ठेवला. सगळं धुकट झालं. मंग माझी अर्धी खाऊ लागलो.