उजव्या टेकूवरचा पुठ्ठा

३ जून

चि. बारक्यास, ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे उंबराचं फूल, त्यामुळे दोनदा वाचलं. ह्यांची तब्येत विचारलीस. अर्धांगाच्या झटक्याला चार महिने झाले. उजवा हात खांद्यापर्यंत जातो, पण बोटांत जोर नाही आणि उजवीकडचं नजरेतून निसटतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता याहून सुधारणा नाही. ह्यांना मी ते सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात सुतारकामाचं वर्कशॉप पुन्हा उघडायचं म्हणतात.

सराव म्हणून पलंगाशेजारी जेवायला मिटती फळी बसवली. चार दिवस खपले, मला स्क्रूसुद्धा धरू दिला नाही. फळी उघडली की उजवा कोपरा खाली जातो. पाण्याचा ग्लास हळूहळू कडेकडे निघतो आणि तहान लागल्यासारखं दाखवून मी तो उचलते. काल दिवसात नऊ ग्लास पाणी प्यायले. ह्यांना न कळता ती सरळ कशी करायची, ते कळव.

तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

नऊ ग्लासांचं वाचून हसू आलं, मग नाही आलं. तू लिहितेस त्यावरून फळीखालचा उजवा टेकू दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली बसलाय. खरं तर तो काढून वर बसवायला हवा, पण नवी भोकं दाजींना लगेच दिसतील. तेव्हा असं कर. ते अंघोळीला गेले की फळी उघड आणि टेकूच्या माथ्यावर जाड पुठ्ठ्याची दुहेरी घडी ठेव. ग्लास हलला नाही की झालं.

दाजींकडे शिकायला होतो तेव्हा एका कपाटाच्या पायाखाली मी असाच पुठ्ठा सारला होता. त्यांनी अख्खं कपाट सुटं करायला लावलं. पुठ्ठा घालायचा तर सुतार कशाला, गिऱ्हाईक स्वतःच घालेल, असं म्हणाले. दोन दिवस बोलले नाहीत. त्यांना कळलं तर माझं नाव सांगू नकोस.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
बारक्या

२४ जून

चि. बारक्यास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ठेवला. दुपारी जेवण वाढलं, ग्लास जागचा हलला नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी हसले. तिथेच चुकलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे, आणि डावा हात फळीखालून उजवीकडे नेला. बोटांनी चाचपत पुठ्ठा ओढून काढला.

कोणी सांगितलं म्हणून विचारलं. मला खोटं बोलवेना, तुझं नाव घेतलं. मला वाटलं आता भडकतील, फळी उचकटतील. मी तर त्याचीच वाट पाहत होते. पण त्यांनी तो पुठ्ठा मांडीवर ठेवला, एका हाताने नीट घडी घातली आणि होता तिथे पुन्हा सरकवला. दोनदा दाबून पाहिला. मग डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, आणि मी सांगितलं. उरलेला भात संपवून ते भिंतीकडे तोंड करून पडले.

तुझ्यावर राग नाही, एवढं सांगायला सांगितलंय. घडी दुहेरी नको, तिहेरी हवी होती, असंही. हत्यारांची पेटी तुझ्याकडे पाठवतेय. रंध्याला तेल त्यांनी स्वतः लावलंय. वर्कशॉपचा विषय पुन्हा निघालेला नाही.

फळी आता अगदी सरळ आहे. पण जेवायला बसलं की माझा हात अजून ग्लासाकडे जातो. ग्लास कुठे जात नाही, आणि मग मला रडू येतं. जमलं तर येऊन जा. त्यांच्यासमोर बसून काहीतरी वेडंवाकडं करून दाखव, म्हणजे निदान ओरडतील तरी.

माया असू दे.

तुझी,
ताई